विश्वेश्वरय्या आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे

15 सप्टेंबर हा भारतात अभियंता दिन म्हणून साजरा होतो. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. म्हैसूरचे दिवाण म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या कामाची जडणघडण महाराष्ट्रात झाली.

त्यांचा जन्म कर्नाटकातील मुद्देनहळ्ळीचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरमध्ये बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) आले. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे, सक्कर असे करत ते पुण्यात आले.

अडचण काय होती?

खडकवासला तलावावर पुणे शहर आणि कालव्याखालची शेती अवलंबून होती. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. सांडव्यावर दरवाजे बसवले तर पाणी अडले असते. पण अचानक पूर आला आणि दरवाजे वेळेवर उघडले नाहीत, तर धरणालाच धोका होता.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. सुमारे 8 फूट, म्हणजे 2.4 मीटर पाणी अडवणाऱ्या सपाट दरवाजाच्या प्रत्येक मीटर रुंदीवर जवळपास 2,900 किलो वजनाइतका जोर येतो. असे दरवाजे ऐन पुरात माणसांनी उचलणे सोपे नव्हते.

विश्वेश्वरय्यांनी हे काम पाण्यावरच सोपवले. 1903 मध्ये बसवलेले त्यांचे दरवाजे वजनांनी तोललेले होते. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत केलेल्या या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही.

वक्र दरवाजा का?

पुढे कोयनेसारख्या धरणांवर वक्र दरवाजे आले. वक्र पृष्ठभागावरचा जोर दोन भागांत मोजतात. आडवा भाग तेवढ्याच उंचीच्या सपाट दरवाजावर येतो तितकाच असतो. उभा भाग त्या पृष्ठभागावरच्या, खऱ्या किंवा कल्पिलेल्या, पाण्याच्या वजनाइतका असतो. पाण्याचा दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतो. त्यामुळे वर्तुळाकार दरवाजावरचा सगळा जोर वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे दरवाजा ज्या आसावर फिरतो तिकडे जातो. दरवाजा उचलताना मुख्यतः त्याचे वजन आणि घर्षण यांवरच मात करावी लागते.

पुढचे आयुष्य

मुंबई इलाख्याची नोकरी सोडल्यावर त्यांनी हैदराबादसाठी मुसी नदीची पूरनियंत्रण योजना आखली. नंतर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि 1912 ते 1918 दिवाण होते. कृष्णराजसागर धरणावरही त्यांनी स्वयंचलित दरवाजे वापरले. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. सांडव्याच्या आवाक्याबाहेरचा तो पूर होता. त्यानंतर नऊ महिन्यांनी, 14 एप्रिल 1962 रोजी, विश्वेश्वरय्यांचे बंगळूरमध्ये निधन झाले.