परत न आलेली विमाने

अकरावीला संख्याशास्त्र शिकवायला घेतले की मी फळ्यावर एक बॉम्बर विमान काढतो. पंखांवर, शेपटीवर आणि मधल्या भागावर खडूने भरपूर ठिपके देतो. इंजिनाजवळ अगदी थोडे. लढाईहून परतलेल्या विमानांवरची ही गोळ्यांची भोके आहेत, तर जादा चिलखती पत्रा कुठे बसवाल, असे विचारतो. बहुतेक कॅडेट्स जास्त ठिपक्यांकडे बोट दाखवतात.

अब्राहम वाल्ड यांनी वेगळा विचार केला. १९०२ मध्ये क्लुज (आता रोमानियात) येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा शनिवारीही भरे आणि तो धर्माने विश्रांतीचा दिवस, म्हणून सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. व्हिएन्नात गणितातील डॉक्टरेट मिळाली, पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात नोकरी मिळेना. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर ते अमेरिकेला गेले. मागे राहिलेले आईवडील नाझींच्या हातून मारले गेले.

युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठातील संशोधन गटात त्यांच्यापुढे विमानांचा प्रश्न आला. त्यांनी न परतलेल्या विमानांचाही हिशेब धरला. गोळ्या इंजिनालाही लागतच असणार. तिथे भोके कमी दिसतात, कारण तिथे मार बसलेली विमाने परतलीच नाहीत. खरी कच्ची जागा तीच.

दुसरा प्रश्न नौदलाचा होता. तोफगोळा तपासायचा तर उडवावा लागतो, म्हणजे तपासलेला गोळा वायाच जातो. मग किती उडवायचे? वाल्ड यांच्या पद्धतीत आकडा आधी ठरत नाही. प्रत्येक चाचणीनंतर तीन पर्याय: माल स्वीकारा, नाकारा किंवा आणखी एक तपासा. बरेचदा जवळपास निम्म्या चाचण्यांतच निर्णय होतो. युद्धकाळात ही पद्धत गोपनीय होती; पुढे कारखान्यांतील मालाच्या तपासणीतही ती रुजली.

१९५० मध्ये ते व्याख्यानांसाठी भारतात आले. १३ डिसेंबरला त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळले. त्यात ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही गेले. त्यांचे वय अवघे ४८ होते.

अडथळ्यांच्या मैदानाची तक्रारवही कोरी दिसली की पूर्वी मी समाधानाने सही करत असे. आता कोऱ्या पानाशी थांबतो. सगळे ठीक आहे, की सांगणारा गप्प आहे? मग मैदानावर जाऊन प्रत्येक दोर स्वतः ओढून पाहतो.