आधी आकाश, मग पोथी

यंदा रमजान फाल्गुनात आला आहे. इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपून गच्चीवर गेलात तर मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर दिसेल. त्याच्या पश्चिमेला तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. रोहिणीला जगभरचे खगोलप्रेमी अल्डेबरन म्हणतात. मूळ अरबी शब्द दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या, अरबीतल्या सुरय्याच्या, मागोमाग उगवतो म्हणून हे नाव. वाळवंटातल्या उंटवाल्यांची अशी नावे विद्वानांच्या ग्रंथात नीट जागेवर बसवली ती अब्दुर्रहमान सूफी यांनी.

आजच्या तेहरानजवळच्या रे या शहरात 903 साली त्यांचा जन्म झाला. पुढे इस्फहान आणि शिराझ ही त्यांची कर्मभूमी. बुवैही घराण्याचा बलाढ्य अमीर अजुदुद्दौला याचे ते आश्रित, पण नाते उलटेही होते. तारे ओळखण्यात अमीर त्यांचा शागीर्द होता आणि ही गोष्ट तो अभिमानाने सांगत असे.

त्या काळी अरबी जगात दोन आकाशे नांदत होती. एक टॉलेमीचे. दुसऱ्या शतकातल्या या ग्रीक पंडिताने हजाराहून अधिक तारे 48 समूहांत मांडले होते आणि त्याचा ग्रंथ अरबीत आलेला होता. दुसरे आकाश बदूंचे. पाऊस, चराई आणि प्रवास ते ताऱ्यांवरून ठरवीत. पंडितांना बदूंचे तारे ठाऊक नसत आणि बदूंना टॉलेमीशी काही देणेघेणे नव्हते. त्यातच ताऱ्यांचे गोल बनवणारे बरेच लोक मान वर न करता पुस्तकातले आकडे पाहून ठिपके काढत. नकलनवीस चुकला की गोलावर तारा भलतीकडे जाई. सूफींनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच या मंडळींची चांगली हजेरी घेतली आहे.

तो ग्रंथ म्हणजे ‘सुवरुल कवाकिब’. 964 च्या सुमारास तो पुरा झाला. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षे होती. साधन काय ते स्वतःचे डोळे. प्रत्येक समूहाचे वर्णन, त्यातल्या ताऱ्यांची अरबी नावे, मग तक्ता आणि दोन चित्रे. दोन कशाला? गोल आपण बाहेरून पाहतो आणि आकाश आतून, त्यामुळे डावे-उजवे उलटते. नवशिक्याचा घोटाळा होऊ नये म्हणून एक चित्र गोलावरचे आणि दुसरे आकाशातले. ही युक्ती वर्गात शिकवणाऱ्यालाच सुचते, असे मला वाटते. ताऱ्यांचे तेज त्यांनी नव्याने पारखले आणि टॉलेमीशी जिथे जमले नाही तिथे तसे सांगितले.

तरी एक उणीव आहेच. ताऱ्यांची स्थाने त्यांनी नव्याने मोजली नाहीत. टॉलेमीचेच आकडे घेऊन अयनचलनापोटी सरसकट 12 अंश 42 कला मिळवल्या. घोकंपट्टीवर कोरडे ओढणाऱ्याने हे करावे, याचे नवल वाटते.

देवयानी समूहाजवळ त्यांनी एका लहानशा ढगाची नोंद केली. हा ढग म्हणजे देवयानी दीर्घिका. त्यांनी ती शोधली असे आपल्याकडे मोठ्या तोऱ्याने सांगितले जाते. मला तो तोरा अनाठायी वाटतो. सूफींनी डोळ्यांना दिसले तेवढे लिहिले, एवढेच. तो ढग आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. मात्र जे कळत नाही तेही जसेच्या तसे नोंदवले, म्हणून ती नोंद आज उपयोगी पडते.

986 साली शिराझमध्ये त्यांचे निधन झाले. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसींनी ग्रंथ फारसीत आणला, समरकंदच्या उलूगबेगाने तो वापरला, 1874 मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर निघाले. लॅटिनमध्ये त्यांचे नाव ‘अझोफी’ झाले आणि चंद्रावरच्या एका विवराला ते मिळाले.

पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचे खगोलप्रेमी अंधाऱ्या रात्री वांगणी गाठतात. अशा मंडळांच्या आकाशदर्शनात दुर्बिणीला हात लावण्याआधी नवख्यांना नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला शिकवतात. फाल्गुनात संध्याकाळी देवयानी वायव्येला उतरलेली असते. गावाबाहेर, दिव्यांपासून दूर आणि चंद्र मोठा होण्याआधी गेलात तर सूफींचा तो ढग अजून सापडेल.

तरावीह संपेपर्यंत सप्तर्षी ईशान्येला वर आलेले असतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगून अंधुकशी अरुंधती. आपल्याकडे ती नवदांपत्याला दाखवतात. अरब तिला सुहा म्हणत आणि कुणाची नजर किती तेज आहे ते तिच्यावरूनच पारखत.