तारणहाराचे ऋण

५ नोव्हेंबर १९९१. कॅनरी बेटांजवळ अटलांटिक महासागरात 'लेडी गिलेन' ही आलिशान बोट चालली होती. बोटीवर मालक आणि खलाशी-नोकर यांच्याखेरीज कोणी नव्हते. पहाटेनंतर मालक कोणाला दिसला नाही. सारी बोट धुंडाळून झाली. अखेर संध्याकाळी शोधपथकाच्या हेलिकॉप्टरला समुद्रात त्याचा देह तरंगताना आढळला. ब्रिटनमधला बडा वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल वयाच्या ६८व्या वर्षी असा गेला. पाच दिवसांनी जेरुसलेममध्ये ऑलिव्ह पर्वतावर, इस्रायलचे अध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्या उपस्थितीत, एखाद्या राष्ट्रपुरुषाच्या इतमामाने त्याचे दफन झाले.

बड्या लोकांचे दुखवट्याचे संदेश येत होते. पण ऑक्सफर्ड आणि डर्बी या दोन इंग्लिश शहरांत हजारो साधी माणसे अशी होती, की या मृत्यूवर नेमके काय वाटून घ्यावे हेच त्यांना उमगत नव्हते. ही माणसे फुटबॉलवेडी होती. त्यांचे क्लब बुडत असताना मॅक्सवेलने वाचवले होते. एका क्लबला त्याने स्वप्नातही न पाहिलेले यश दाखवले होते आणि पुढे दोन्ही क्लबांच्या चाहत्यांना मनस्तापही दिला होता. अशा माणसासाठी रडायचे, की सुटलो म्हणून निःश्वास टाकायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मॅक्सवेलचे आयुष्य मुळापासून पाहायला हवे.

त्याचे मूळ आडनाव होख. १० जून १९२३ रोजी स्लातिन्स्के डोली या कार्पेथियन डोंगरांतल्या खेड्यात एका गरीब ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. हे गाव तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होते. आता ते युक्रेनमध्ये आहे. घरात खाणारी तोंडे फार आणि मिळकत तुटपुंजी. महायुद्धाची चाहूल लागताच कोवळ्या वयातच तो घराबाहेर पडला आणि फ्रान्समध्ये परागंदा चेक सैन्याला जाऊन मिळाला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर तो ब्रिटनला आला व पुढे ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. मागे राहिलेल्या कुटुंबातली बहुतेक माणसे १९४४ नंतर नाझींच्या छळछावण्यांत संपली. इकडे या तरुणाने रणांगणावर शौर्य गाजवले आणि १९४५ मध्ये खुद्द फील्डमार्शल माँटगोमेरी यांच्या हस्ते 'मिलिटरी क्रॉस' हे पदक स्वीकारले. या काळात त्याने नावेही बदलली. सिगारेटच्या एका ब्रँडवरून घेतलेले ड्यू मॉरिए हे आडनावही त्याने काही दिवस वापरले. शेवटी तो रॉबर्ट मॅक्सवेल म्हणून स्थिरावला.

युद्ध संपले तेव्हा विज्ञानाला भरभराटीचे दिवस येणार हे त्याने ओळखले. १९५१ मध्ये त्याने एक छोटी प्रकाशनसंस्था ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'पर्गमॉन प्रेस' ठेवले. वैज्ञानिक नियतकालिकांचा हा धंदा मोठा नामी होता. शास्त्रज्ञ आपले संशोधन छापून यावे म्हणून लेख विनामोबदला देत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना ती नियतकालिके घ्यावीच लागत, कारण त्या विषयातला तो शोधनिबंध दुसऱ्या कुठल्या नियतकालिकात मिळण्यासारखा नसे. दुसऱ्या दुकानात जाऊ न शकणारे गिऱ्हाईक किती मोलाचे असते, हा धडा मॅक्सवेल येथे शिकला. फुटबॉलचा चाहताही अगदी तसाच असतो, हे त्याला पुढे कळायचे होते.

पर्गमॉनचे ठाणे ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन टेकडीवरच्या एका भव्य वाड्यात होते. वाडा नगरपालिकेचा आणि मॅक्सवेल तिचा भाडेकरू. १९६४ ते १९७० या काळात तो बकिंगहॅममधून मजूर पक्षाचा खासदारही होता. मग पहिला मोठा फटका बसला. १९६९ मध्ये पर्गमॉन अमेरिकी कंपनीला विकण्याच्या व्यवहारात हिशेबांबद्दल शंका निघाल्या. सरकारी निरीक्षकांनी चौकशी केली आणि जनतेचे भांडवल असलेली कंपनी या गृहस्थाच्या हाती विश्वासाने सोपवता येणार नाही, असा निष्कर्ष १९७१ मध्ये काढला. दुसरा कोणी असता तर संपला असता. मॅक्सवेलने मात्र १९७४ मध्ये पर्गमॉन परत मिळवली आणि १९८१ मध्ये देशातली एक मोठी पण डबघाईला आलेली छपाई कंपनीही घेतली.

त्याच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर 'मॅनर ग्राउंड' होते. उताराचे मैदान, दाटीवाटीने उभ्या केलेल्या गॅलऱ्या. येथे ऑक्सफर्ड युनायटेड क्लब खेळत असे. विद्यापीठाशी या क्लबचा फारसा संबंध नव्हता. हा कामगारांचा, दुकानदारांचा, मोटार कारखान्यातून सुटून थेट मैदानावर येणाऱ्यांचा क्लब. इंग्लंडच्या लीगमध्ये तेव्हा चार श्रेणी होत्या. त्यांतल्या तिसऱ्या श्रेणीत तो रखडत होता आणि बँकेच्या कर्जात बुडाला होता. जानेवारी १९८२ मध्ये मॅक्सवेल पुढे आला, देणी भागवली आणि अध्यक्ष झाला. त्याच वर्षी जिम स्मिथ हा कसलेला व्यवस्थापक आला. मॅक्सवेलचा जुना इतिहास अनेकांना ठाऊक होता. पण बुडत्याने काठी पुढे करणाऱ्याची कुंडली कधी पाहिली आहे?

वर्ष-सव्वा वर्षातच त्या काठीचे दुसरे टोक दिसले. एप्रिल १९८३ मध्ये मॅक्सवेलने जाहीर केले की ऑक्सफर्ड युनायटेड आणि सुमारे ४० किलोमीटरवरचा रेडिंग हे दोन्ही क्लब विलीन करून 'टेम्स व्हॅली रॉयल्स' हा नवा क्लब काढायचा. कागदावर हिशेब बिनतोड होता: दोन्ही क्लब तोट्यात, मग दोन खर्च कशाला? पण रेडिंग क्लब १८७१ सालचा आणि ऑक्सफर्डचे त्यांच्याशी जुने हाडवैर. दोन गावांची ग्रामदैवते उचलून मधल्या माळावर एकाच देवळात बसवावीत आणि दोन्ही गावांनी तेथे जत्रेला यावे, असेच हे होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्लब काही साबणाचा ब्रँड नव्हता.

ऑक्सफर्डचे चाहते मॅनर ग्राउंडवर उतरले. विगनविरुद्धचा सामना सुरू होण्याच्या वेळी शेकडो माणसे मैदानाच्या मध्यभागी ठिय्या देऊन बसली आणि सामना अर्धा तास खोळंबला. रेडिंगमध्येही संतापाची लाट उसळली. क्लबचा माजी खेळाडू आणि उद्योजक रॉजर स्मी याने शेअर्सच्या व्यवहाराला आव्हान दिले, न्यायालयाने मनाई केली, रेडिंगच्या अध्यक्षाला पायउतार व्हावे लागले आणि ही योजना बारगळली. हा बेत कोणी थांबवू शकणार नाही असे ठणकावणाऱ्या मॅक्सवेलला एका गोष्टीचा अंदाज आला नव्हता. चाहता दुसऱ्या दुकानात जात नाही हे खरे, पण वेळ आली तर तो त्याच दुकानाच्या दारात ठाण मांडून बसतो.

आणि गंमत पाहा. एकेकटे जगू शकणार नाहीत असे ज्यांच्याबद्दल सांगितले गेले, ते दोन्ही क्लब पुढच्याच हंगामात, १९८४ मध्ये, वरच्या श्रेणीत चढले. ऑक्सफर्डने तर तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले, १९८५ मध्ये लगोलग दुसऱ्या श्रेणीचेही, आणि हा क्लब इतिहासात प्रथमच अव्वल श्रेणीत पोहोचला. लागोपाठच्या वर्षांत या दोन श्रेणी जिंकणारा हा पहिलाच क्लब. मॅक्सवेलशी कराराबाबत न जमल्याने जिम स्मिथ क्वीन्स पार्क रेंजर्सकडे निघून गेला आणि सूत्रे मॉरिस इव्हान्स यांच्याकडे आली.

मग २० एप्रिल १९८६चा तो दिवस उजाडला. वेम्बलीवर ९० हजारांवर प्रेक्षक, लीग कपची अंतिम झुंज आणि समोर स्मिथचाच नवा संघ. हेबर्ड, हॉटन आणि चार्ल्स यांनी एकेक गोल मारला. ऑक्सफर्डने ३-० असा सामना जिंकला. पदक घेण्याची वेळ आली तेव्हा इव्हान्स स्वतः गेले नाहीत. त्यांनी क्लबचे जुने प्रशिक्षक, ७२ वर्षांचे केन फिश, यांना पायऱ्या चढायला पाठवले. ऑक्सफर्डच्या घराघरात हा प्रसंग अजून सांगितला जातो. या विजयामुळे मिळणारी युरोपातली संधी मात्र हुकली, कारण १९८५ मधील हायझेल दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती.

मॅक्सवेलचे लक्ष एव्हाना दूरवर गेले होते. डिसेंबर १९८३ मध्ये त्याच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ऑक्सफर्डने बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला लीग कपमधून बाहेर काढले, आणि दोनच महिन्यांनी हा गृहस्थ खुद्द मँचेस्टर युनायटेड विकत घ्यायला निघाला! तो सौदा फिसकटला. जुलै १९८४ मध्ये मात्र 'डेली मिरर' हे वृत्तपत्र त्याच्या हाती आले आणि त्याच वर्षी डर्बी काउंटी हा क्लबही. १९७२ आणि १९७५ मध्ये देशाचे अजिंक्यपद मिळवलेला हा क्लब शंभराव्या वर्षी करांच्या थकबाकीपोटी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. मॅक्सवेलच्या पैशाने तो वाचला, तीन वर्षांत तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आला. पीटर शिल्टन, मार्क राइट असे इंग्लंडचे खेळाडू आले आणि १९८९ मध्ये क्लब पाचव्या स्थानावर राहिला.

आता बापाकडे डर्बी आणि मुलगा केविन याच्याकडे ऑक्सफर्डचे अध्यक्षपद, अशी घरातल्या घरात वाटणी होती. ऑक्सफर्डचे नामांकित खेळाडू एकामागून एक विकले गेले. ऑल्ड्रिज आणि हॉटन लिव्हरपूलला गेले, १९८८ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला. त्याच ऑक्टोबरमध्ये गोल करणारा हुकमी खेळाडू डीन साँडर्स याला दहा लाख पौंडांना डर्बीला देण्यात आले. मुलाच्या क्लबमधून बापाच्या क्लबमध्ये! व्यवस्थापक मार्क लॉरेन्सन याने विरोध केला आणि त्याची नोकरी गेली. डर्बीचे चाहतेही फार काळ खूश राहिले नाहीत. मालकाचा पैशाचा ओघ आटला, नवे खेळाडू येईनात. १९९०-९१ च्या हंगामात संघ तळाला गेला, लिव्हरपूलने त्यांना घरच्या मैदानावर ७-१ असे हरवले आणि प्रेक्षक मालकाच्या नावाने टिंगलीची गाणी गाऊ लागले. १९९१ मध्ये मॅक्सवेलने डर्बी विकून टाकला.

पैसा कुठे आटला होता, हे बोटीवरच्या त्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत कळले. अमेरिकेतली मॅकमिलन कंपनी १९८८ मध्ये २६० कोटी डॉलरना घेताना काढलेली कर्जे त्याला झेपली नव्हती. १९९१ मध्ये त्याने जन्माची कमाई असलेली पर्गमॉनही विकली, तरी खड्डा भरेना. मग त्याने हात घातला तो आपल्याच कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीत. ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाली होती. सुमारे ३२ हजार माणसांची म्हातारपणाची पुंजी धोक्यात आली. हीदेखील दुसऱ्या दुकानात जाऊ न शकणारी माणसे. आयुष्यभर छापखान्यात राबून पगारातून कापून दिलेले पैसे परत मिळवायला त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले; बरीचशी भरपाई सरकारी मदतीतून आणि बँका वगैरेंशी झालेल्या तडजोडीतून झाली. १९९५ मध्ये ब्रिटनला निवृत्तिवेतनाचा नवा कायदा करावा लागला. मॅक्सवेलची दोन मुले खटल्यातून १९९६ मध्ये निर्दोष सुटली. ज्या धाकट्या लेकीच्या नावाची ती बोट होती, ती गिलेन अगदी वेगळ्याच, अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरली.

ऑक्सफर्ड युनायटेडचे काय झाले? मालकाच्या दिवाळखोरीबरोबर क्लबचा आधार तुटला. खेळाडू विकून दिवस काढावे लागले आणि १९९२ च्या हंगामात शेवटच्या दिवशी ट्रॅनमीअरला हरवून संघ दुसऱ्या श्रेणीत कसाबसा टिकला. २००१ मध्ये मॅनर ग्राउंड सोडावे लागले. २००६ मध्ये तर क्लब लीगमधूनच बाहेर फेकला गेला, २०१० मध्ये परत आला, आणि मे २०२४ मध्ये वेम्बलीवर बोल्टनला हरवून २५ वर्षांनी पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. या साऱ्या पडझडीत मालक आले आणि गेले. तिकीट काढून येणारी माणसे तीच राहिली.

मग मॅक्सवेलचे ऋण मानायचे की नाही? तो कप चोरीच्या पैशांनी आला, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ते तारखांशी जुळत नाही. कप १९८६ चा, आणि निधीवरचा मोठा डल्ला शेवटच्या काळातला. शिवाय १९८२ मध्ये त्याने पैसे टाकले नसते तर क्लब राहिला असता की नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून जुने चाहते त्याचे नाव निघाले की क्षणभर थांबतात. वाचवले त्याने, हे ते नाकारत नाहीत. पण ज्या हाताने वाचवले त्याच हाताने वर्षभरात क्लबचे नाव पुसायला घेतले होते, हेही ते विसरत नाहीत. पैसे देणारा मालक असतो. तरी तेवढ्याने क्लब त्याचा होत नाही, असे त्यांना वाटते.

निवृत्तिवेतनासाठी झगडलेल्या छापखान्यातल्या वृद्धांपुढे ही द्विधा नव्हती. त्यांच्यासाठी हिशेब सरळ होता. चाहत्यांचा हिशेब तसा कधीच मिटणार नाही. त्याच्या एका बाजूला केन फिश पायऱ्या चढताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूला मैदानाच्या मध्यभागी बसलेली ती माणसे. ऑक्सफर्डमधल्या ज्या आजोबांनी हे दोन्ही दिवस डोळ्यांनी पाहिले, ते नातवंडांना दोन्ही गोष्टी सांगतात, आणि मॅक्सवेलचे नाव दोन्ही गोष्टींत येते.