गायनाचार्य विष्णु दिगंबर

कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णा आणि पंचगंगा या नद्या जेथे एकमेकींना मिळतात, तेथे नृसिंहवाडी हे प्रसिद्ध दत्तक्षेत्र आहे. नरसोबाची वाडी या नावानेही लोक त्याला ओळखतात. नदीच्या काठी औदुंबराच्या छायेत दत्तपादुकांचे मंदिर आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेला तेथे दत्तजयंतीचा मोठा उत्सव होतो आणि दूरदूरचे भाविक वाडीला लोटतात.

वाडीपासून अगदी जवळ कुरुंदवाड हे गाव आहे. तेथे पूर्वी पटवर्धनांचे संस्थान होते. या कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. त्याचे वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; परंतु पूर्वज पलूस गावी राहिल्यामुळे ते पलुसकर झाले. वडिलांची कीर्तने ऐकत, त्यांच्यामागे सूर धरीत विष्णू लहानाचा मोठा होत होता. त्याचा आवाज गोड होता आणि बुद्धी तल्लख होती. तो शाळेतही जात असे. मुलाने चांगले शिकावे आणि नाव काढावे, अशी आईवडिलांची इच्छा असल्यास नवल नाही.

एका दत्तजयंतीला विष्णू वाडीच्या उत्सवास गेला होता. उत्सवात शोभेची दारू उडविली जात होती. तेवढ्यात एक फटाका त्याच्या तोंडाजवळच फुटला आणि दोन्ही डोळ्यांना मोठी इजा झाली. त्या काळी लहान गावात लगेच उपचार मिळणे कठीण होते. पुढे त्याला मिरजेस नेण्यात आले. तेथे डॉक्टर भडभडे यांनी त्याच्यावर उपचार केले. परंतु दृष्टी पूर्वीसारखी झाली नाही. ती कायमची अधू राहिली. पुस्तके वाचून विद्या मिळविण्याचा मार्ग या मुलाला आता जवळजवळ बंद झाला होता.

डॉक्टर भडभडे यांनी केवळ मुलाचे डोळेच तपासले नाहीत, तर त्याचा गळाही पारखला. या मुलाला गाणे शिकवावे, असा सल्ला त्यांनी दिला. आज हा सल्ला आपल्याला साधा वाटेल. पण त्या काळी तो मान्य करण्यास बापाचे काळीज घट्ट असावे लागे. देवापुढे कीर्तन करणे हे सन्मानाचे काम. परंतु गवई होणे कमीपणाचे, अशी पुष्कळांची समजूत होती. चांगल्या घरातील मुलगा गाण्याच्या नादी लागला, म्हणजे तो बिघडला असे लोक धरून चालत. दिगंबरपंतांनी मात्र मुलाचा मार्ग अडविला नाही. विष्णू मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला. मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांचाही त्याला आश्रय मिळाला.

बाळकृष्णबुवा हे फार मोठे गायक होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय मुख्यतः त्यांनाच दिले जाते. ही विद्या मिळविण्यासाठी त्यांनी स्वतः लहानपणापासून अतोनात हाल सोसले होते. त्या काळची शिकविण्याची रीतही कठीण होती. गुरूने एक तान घ्यावी, शिष्याने ती जशीच्या तशी उचलावी. चुकली तर पुन्हा घ्यावी. एकेक राग महिनोन्‌महिने चाले. पुस्तक नाही, वही नाही, लिहून ठेवण्याची सोय नाही. गुरूची सेवा करावी आणि जे कानावर पडेल ते मनात साठवावे. ज्याच्यापाशी चिकाटी आणि वेळ असेल, तोच यातून तरून जाई. विष्णू तरून गेला. पण किती मुले मध्येच वाट सोडून जातात, हे शिकत असतानाच त्याला दिसले असले पाहिजे.

मिरजेतील एका प्रसंगाने त्यांच्या मनाला चटका लावला, असे सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुपंतांना आले. परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. बुवा पडले गवई, त्यांना कशाला बोलवायचे, असा बोलावणाऱ्यांचा विचार होता. एवढ्या थोर विद्येला समाजात एवढीही प्रतिष्ठा असू नये, याचे त्यांना फार वाईट वाटले. गवयाला मान मिळाल्याखेरीज आईबाप आपली मुले गाणे शिकण्यास पाठविणार नाहीत, आणि मुले आल्याखेरीज ही विद्या वाढणार नाही, हे पुढे त्यांनी आपल्या साऱ्या कार्याचे सूत्र केले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

त्यानंतर विष्णुपंत बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असे फिरत उत्तरेकडे गेले. वाटेत त्यांनी एक नवी प्रथा पाडली. गवयाने राजाच्या किंवा सरदाराच्या दिवाणखान्यात गावे आणि त्याच्या मर्जीवर जगावे, अशी तोवरची रीत होती. विष्णुपंतांनी सौराष्ट्रात अल्प दराचे तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर गायन केले. ज्याला आवड आहे, त्याने यावे आणि ऐकावे! संगीताचा दरवाजा त्यांनी अशा प्रकारे सामान्य माणसासाठी किलकिला केला.

पुढे ते लाहोरला गेले. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गंधर्व महाविद्यालय या नावाची संगीताची शाळा उघडली. ती कोणा राजाच्या खजिन्यावर चालणारी नव्हती. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि पंडितजींच्या मैफलींचे उत्पन्न यांवर तिचा भार होता. शाळा उघडली खरी, पण प्रारंभी विद्यार्थी फिरकेनात. तेव्हा पंडितजी रोज ठरलेल्या वेळी शाळेत येत, तंबोरा जुळवून एकटेच गात बसत आणि वेळ संपली की उठत, अशी आठवण सांगतात. हळूहळू लोकांचे लक्ष तिकडे गेले आणि विद्यार्थी येऊ लागले.

आता खरी परीक्षा शिक्षकाची होती. बाळकृष्णबुवांकडे येणारा शिष्य घरदार सोडून येत असे. या शाळेत मात्र सर्व प्रकारची मुले होती. कोणी हौसेने आलेला, तर कोणाला घरच्यांनी पाठविलेले. कोणाचा गळा तयार, तर कोणाला सा कोठे आणि प कोठे हेही कळत नसे. कोणाच्या घरी तंबोरा होता, तर कोणाच्या घरी गाण्याचे नाव काढण्याचीही सोय नव्हती. या सर्वांना एकाच काठीने हाकणे शक्य नव्हते. म्हणून पंडितजींनी शिकविण्याची रीतच नव्याने बसविली.

त्यांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. स्वर कोणता, तो किती मात्रांचा, ताल कोठे पडतो, हे चिन्हांनी कागदावर लिहिता येऊ लागले. सोप्याकडून कठीणाकडे जाणारी पुस्तके त्यांनी लिहिली. लहान मुलांसाठी संगीत बालप्रकाश हे पुस्तक काढले. रोजचे पाठ, ठरलेले तास, क्रमाने येणाऱ्या परीक्षा आणि शेवटी पदवी, असा इतर विद्यालयांसारखा अभ्यासक्रम आखला. ज्या मुलाला एकदा ऐकून लक्षात राहत नसे, त्याला आता घरी जाऊन पाठ पुन्हा पाहता येऊ लागला. पूर्वीच्या पुष्कळ चिजांतील शब्द शृंगाराचे असत आणि ते मुलांच्या तोंडी ऐकून आईबाप नाके मुरडीत. पंडितजींनी त्या जागी भक्तीची पदे योजिली. शाळेत प्रार्थना, टापटीप आणि कडक शिस्त ठेवली. स्त्रियांच्या आणि मुलींच्या शिक्षणाचीही वेगळी सोय केली. गाणे शिकूनही मुलगा सदाचारी राहतो, हे आईबापांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्यांच्या मनातील अढी सुटू लागली.

या पद्धतीत काही उणेही होते. मींडेचा नाजूकपणा किंवा स्वराचा सूक्ष्म हेलकावा कागदावर पुरता उतरत नाही. तो गुरूच्या गळ्यातूनच घ्यावा लागतो. वर्गात बसून उत्तम गवई तयार होत नाहीत, असा आक्षेप अनेक जुने जाणकार घेत. पंडितजींना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी दोन वाटा ठेवल्या. सर्वसाधारण विद्यार्थ्याने फी भरावी, वर्गात शिकावे आणि आपल्या वकुबाप्रमाणे पुढे जावे. तो तानसेन झाला नाही, तरी निदान कानसेन होईल आणि आपल्या घरात गाण्याला मान देईल. परंतु ज्याला हीच विद्या आयुष्यभर करावयाची आहे, त्याच्यासाठी उपदेशक वर्ग होता. या वर्गातील मुले गुरूजवळच राहत. त्यांच्याकडून फी घेतली जात नसे. त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार संस्था उचली. त्यांनी अनेक वर्षे शिकावे आणि नंतर दुसऱ्यांना शिकवावे, एवढीच अपेक्षा असे. गरिबाच्या मुलालाही अशा रीतीने मोठ्या गवयाचे शिक्षण मिळू लागले.

या मुलांची घरे किती निरनिराळी होती, ते पाहण्यासारखे आहे. विनायकराव पटवर्धन हे मिरजेचे. त्यांना पहिले धडे काकांनी दिले आणि १९०७ साली मिरजेच्या संस्थानिकांच्या मदतीने ते लाहोरला गेले. शंकरराव आणि नारायणराव व्यास हे भाऊ कोल्हापूरचे. त्यांच्या घरातच संगीताची आवड होती. ओंकारनाथ ठाकूर गुजरातेतील. त्यांच्या घरी अत्यंत दारिद्र्य होते. एका पारशी गृहस्थाने त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना मुंबईला पंडितजींकडे पोहोचविले. कोणाला काकांनी हात दिला, कोणाला बापाने, तर कोणाला अगदी परक्याने. पण गुरूपुढे बसल्यावर सर्वांना एकच शिस्त आणि एकच विद्या होती.

गुरूने त्यांना एकाच साच्यात मात्र घातले नाही. ओंकारनाथ जगप्रसिद्ध गायक झाले. १९१६ साली पंडितजींनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख नेमले, तेव्हा ते विशीचेही नव्हते. नारायण मोरेश्वर खरे यांचा ओढा भजनाकडे आणि सेवेकडे होता. ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, तेथे त्यांनी आश्रमवासीयांना सामुदायिक प्रार्थना शिकविल्या आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. शंकरराव व्यासांनी पुढे १९४३ साली रामराज्य या चित्रपटाला संगीत दिले. बा. र. देवधर हे संगीताचे अभ्यासक आणि लेखक म्हणून नावाजले.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईत गंधर्व महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यासाठी मोठी इमारत उभारली. पण इमारतीसाठी काढलेले कर्ज आणि विनामूल्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च यांचा बोजा वाढतच गेला. गावोगावी जलसे करून पंडितजी पैसा मिळवीत आणि तो संस्थेत ओतीत. तरीही कर्ज फिटले नाही. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत जप्त करविली आणि तिचा लिलाव झाला. इतक्या कष्टाने उभारलेली वास्तू हातची गेली. पंडितजींनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. रामनामाच्या भजनात ते रमले; परंतु थोड्याशा शिष्यांना शिकविणे त्यांनी तेथेही सोडले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचा देहान्त झाला.

त्यांच्या बारा अपत्यांपैकी अकरा लहानपणीच वारली होती. दत्तात्रेय हा एकटा मुलगा उरला होता आणि तो तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. ज्याने शेकडो मुलांना शिकविले, त्याच्या स्वतःच्या मुलाचे शिक्षण मात्र पुरे व्हावयाचे होते. आता या मुलाला गाणे कोण शिकविणार?

हे काम शिष्यांनी उचलले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी आपल्या गुरूच्या मुलाला शिकविले. गुरूंनी त्यांना जे दिले होते, ते त्यांनी गुरुपुत्राला परत केले. जालंदरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यात दत्तात्रेयाने चौदाव्या वर्षी गायन केले आणि पुढे द. वि. पलुसकर या नावाने तो साऱ्या देशाचा आवडता गायक झाला. १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले; पण त्याची भजने अजूनही आवडीने ऐकली जातात.

पंडितजींच्या निधनाच्याच वर्षी, १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गंधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात गंधर्व महाविद्यालय काढले. आज अखिल भारतीय गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना देशभरातील मुले बसतात. त्यांतील कोणी उद्या मैफली गाजवील, कोणी शिक्षक होईल, तर कोणी दिवसभराचे काम आटोपल्यावर स्वतःपुरतेच गुणगुणेल. लिलावात गेलेली इमारत पंडितजींना परत मिळाली नाही. परंतु कोणत्याही घरातील मुलाने निःसंकोचपणे गुरूपुढे बसावे आणि सा लावावा, ही जी जागा त्यांनी निर्माण केली, ती कोणाला लिलावात विकता आली नाही.