काळोखाचा अभ्यासक : कावसजी नायगमवाला

मुंबईहून पनवेलमार्गे पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला आता खरी रात्र भेटतच नाही. वाशीच्या खाडीपुलापासून कळंबोलीपर्यंत आणि तेथून थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत दिव्यांची रांग त्याची सोबत करते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळाचा झगमगाटही त्यात मिसळला आहे. रात्री अधिक चांगले दिसावे म्हणून माणसाने दोन वाटा शोधल्या. पहिली वाट दिवा लावण्याची. ती सोपी, सर्वांच्या उपयोगाची आणि म्हणूनच सर्वत्र रुळलेली. दुसरी वाट अवघड. काळोख आहे तसाच राहू द्यायचा आणि डोळ्याचे सामर्थ्य वाढवायचे, ही ती वाट होय. दुर्बीण, वर्णपटदर्शक आणि छायाचित्राची काच ही या वाटेवरची साधने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात या वाटेने ज्यांनी सर्वांत दूरचा पल्ला गाठला, ते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भारतातील आधुनिक खगोलभौतिकीच्या आरंभकाळाचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाने घडविलेल्या पहिल्या काही पिढ्यांमधील ते एक. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते एम.ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्या काळी विज्ञानाचे शिक्षण म्हणजे बहुतांशी पुस्तक, फळा आणि खडू. प्रयोगशाळा ही चैनीची गोष्ट समजली जाई. अशा वातावरणात १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारण्याकरिता पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. या देणगीने तरुण प्राध्यापकाच्या आयुष्याची दिशा ठरली.

साधनसामग्री खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे त्यांची गाठ पडली ती नॉर्मन लॉकयर यांच्याशी. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणारे म्हणून लॉकयर यांचे नाव तोवर जगभर झाले होते. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख विल्यम ख्रिस्टी यांचाही सल्ला नायगमवाला यांनी घेतला. कॉलेजच्या चार भिंतींतील प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळाच उभारावी, असे या दोघांनी सुचविले. भारताचे आकाश वर्षातील निदान सात-आठ महिने निरभ्र असते. इंग्लंडच्या ढगाळ हवेत हात बांधले गेलेल्या खगोलज्ञांना ते हेवा वाटावे असेच होते. शिवाय युरोपातील वेधशाळा ज्या वेळी उजेडात असत, त्या वेळी भारतात रात्र असे. सूर्य आणि तारे यांवर अखंड नजर ठेवायची तर पूर्वेकडेही एक पहारा हवा होता.

मुंबईची दमट, समुद्रकाठची हवा मात्र या कामाला सोयीची नव्हती. घाटावरचे पुणे त्या मानाने कोरडे आणि उंचावरचे. म्हणून १८८५ साली नायगमवाला यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०२२ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्याच आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा कामाला लागली.

या वेधशाळेचे मुख्य साधन म्हणजे डब्लिनच्या ग्रब कारखान्यात घडविलेली २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण. सर हॉवर्ड ग्रब हे त्या काळचे नामांकित दुर्बीणकार. पुढे पाणबुड्यांसाठी पेरिस्कोप आणि बंदुकीचा नेम साधण्यासाठी प्रकाशीय दर्शक त्यांनीच घडविले. रात्री पूर्ण विस्फारलेल्या मानवी डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरची असते. २० इंचांचा, म्हणजे सुमारे ५०८ मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. आरशाच्या काचेवर चांदीचा पातळ थर दिलेला असे. हवेने तो काळवंडे आणि मग नव्याने चढवावा लागे. त्या काळात संपूर्ण भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती आणि पुढेही अनेक दशके तिचे हे स्थान कायम राहिले.

तरीही नायगमवाला यांच्या दृष्टीने दुर्बीण हे केवळ अर्धे साधन होते. दुर्बिणीने तारा ठळक दिसतो, पण तो कशाचा बनलेला आहे ते कळत नाही. त्यासाठी गोळा केलेला प्रकाश अरुंद फटीतून लोलकांच्या मालिकेत सोडून त्याचे रंग वेगळे करावे लागतात. प्रत्येक मूलद्रव्य त्या रंगीत पट्ट्यावर आपापल्या ठरावीक जागी रेषा उमटवते. मात्र प्रकाश जितका जास्त फाकवावा तितका तो फिका होत जातो. दूरच्या तेजोमेघाच्या बाबतीत तर तो डोळ्याला जेमतेम जाणवण्याइतकाच उरतो. असा वेध घेणाऱ्याला आधी बराच वेळ अंधारात बसून डोळे सरावू द्यावे लागतात. मग थंडीत, हालचाल न करता, एका क्षीण हिरवट रेषेवर तासन् तास नजर खिळवून ठेवावी लागते. रात्रीच्या दृष्टीची याहून कठोर परीक्षा क्वचितच असेल.

त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा कसोटीचा प्रसंग अशाच एका रेषेने आणला. मृग नक्षत्रातील प्रसिद्ध तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सर्वांत प्रखर दिसते. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा मेळ बसत नव्हता. लॉकयर यांचा सिद्धांत असा की, तारे आणि तेजोमेघ हे उल्कांच्या थव्यांपासून बनलेले आहेत आणि ही रेषा म्हणजे तप्त मॅग्नेशियममुळे उमटणाऱ्या पट्ट्याचा उरलेला कडेचा भाग. तसे असेल तर ती एका बाजूने पुसट, विरत गेलेली दिसायला हवी. विल्यम हगिन्स यांच्यासारख्या ज्येष्ठ खगोलज्ञांना हे मान्य नव्हते आणि या वादाने युरोप-अमेरिकेतील वेधशाळा ढवळून निघाल्या होत्या.

नायगमवाला यांनी पुण्याहून या रेषेचे काळजीपूर्वक वेध घेतले आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आणि बारीक होती. तिला पट्ट्याच्या कडेचे रूप नव्हते. म्हणजेच निष्कर्ष लॉकयर यांच्या विरोधात गेला. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, ज्यांच्या स्नेहामुळे विलायतेतील विज्ञानाची दारे उघडली, त्यांचाच आवडता सिद्धांत खोटा ठरविणारा पुरावा पुण्याच्या या प्राध्यापकाच्या हाती आला होता. परतंत्र देशातील एका महाविद्यालयीन शिक्षकाने तो बाजूला ठेवला असता, तर कोणी जाब विचारला नसता. नायगमवाला यांनी दिसले तेच नोंदविले. काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, ही रेषा अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमशी तिचा काही संबंध नव्हता.

त्यानंतरचा मोठा प्रसंग होता २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून चढून सोलापूर जिल्ह्यातून ईशान्येकडे गेला. मुंबई, पनवेल आणि पुणे या पट्ट्याबाहेर राहिली. तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले. खुद्द लॉकयर विजयदुर्गला उतरले होते. किल्ल्यावरची ती जागा आजही दाखविली जाते आणि हेलियमचा शोध तेथेच लागला, असे कौतुकाने सांगितले जाते. प्रत्यक्षात तो शोध तीस वर्षांपूर्वीचा, १८६८ सालचा, आणि लॉकयर यांनी तो इंग्लंडमध्ये राहून लावलेला. नायगमवाला यांनी आपला तळ करमाळा तालुक्यातील जेऊर येथे ठोकला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील या लहानशा गावी त्याच दिवशी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल हेही आपल्या उपकरणांसह हजर होते.

मुंबई इलाखा त्या वेळी प्लेगने हैराण झालेला होता. तरीही मोहीम पार पडली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. नायगमवाला यांचा भर होता तो लोलक जोडलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा आणि प्रभामंडलाचा वर्णपट टिपण्यावर. डोळा क्षणभर पाहतो आणि विसरतो. छायाचित्राची काच प्रकाश साठवते आणि पुनःपुन्हा मोजता येईल असा पुरावा मागे ठेवते. या मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ साली वेधशाळेच्या वतीने प्रसिद्ध झाला. परदेशी पथकांच्या बरोबरीने, स्वतःच्या वेधशाळेच्या बळावर एका भारतीयाने नेतृत्व केलेली ही ग्रहणमोहीम होती.

एवढे असूनही वेधशाळेचे भवितव्य सुरक्षित नव्हते. १८९९ पासून दक्षिणेत कोडाईकनाल येथे सरकारी सौर वेधशाळा आकारास येत होती आणि खगोलशास्त्राचा सरकारी खर्च तिकडे वळत होता. पुण्याची वेधशाळा एका महाविद्यालयाच्या आश्रयाने आणि मुख्यतः एका माणसाच्या ध्यासावर चालली होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पूल, रस्ते आणि कालवे यांत नोकरी होती; ताऱ्यांच्या प्रकाशात नव्हती. त्यामुळे नायगमवाला यांच्या मागे हे काम उचलणारा वारस उभा राहिला नाही. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद करण्यात आली. सारी उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. निवृत्तीनंतर पाव शतकाहून अधिक काळ ते जगले. १९३८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पुण्यात त्यांच्या वेधशाळेची जागा घेणारे काहीही नव्हते.

कोडाईकनालचे लक्ष मुख्यतः सूर्यावर असल्याने रात्रीच्या आकाशासाठी घडविलेल्या या दुर्बिणीला तेथे दीर्घकाळ फारसे काम मिळाले नाही. तिला नावही मिळाले ते दात्याचे. भावनगर दुर्बीण म्हणूनच ती ओळखली गेली. ज्याने तिच्यामागे आयुष्यातील चोवीस वर्षे घालविली, त्या माणसाचे नाव तिला चिकटले नाही. तरी तिचा प्रवास संपला नव्हता. हिमालयाच्या पलीकडच्या कोरड्या, काळ्याभोर आकाशात नवी वेधशाळा उभारता येईल काय, याची चाचपणी सुरू झाली तेव्हा १९८० च्या दशकात ही शंभरीकडे झुकलेली दुर्बीण लेहला नेण्यात आली. त्या शोधातून पुढे लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा झाली आणि २००० साली तेथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला. २०२२ साली तो परिसर काळोखाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

पुण्यातही तुटलेला धागा पुन्हा जुळला, पण त्यासाठी पाऊण शतक जावे लागले. १९८८ साली तेथे आयुका ही संस्था स्थापन झाली आणि २००६ साली तिची दोन मीटरची दुर्बीण शहरापासून दूर, जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे कार्यान्वित झाली. शहराच्या उजेडात ताऱ्यांचा अभ्यास शक्य उरला नव्हता. नायगमवाला यांच्या काळी मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातूनच मृगातील तेजोमेघाची ती फिकी हिरवी रेषा मोजता येत असे. त्यांच्यापाशी होते काय, तर चांदीचा मुलामा दिलेला एक आरसा, काही लोलक आणि पुण्याचा काळोख. यांपैकी आरसा आणि लोलक आज कोणालाही विकत मिळतात. काळोखासाठी मात्र पुणेकराला गिरवलीला आणि देशाला हानलेला जावे लागते.