नेपच्यून नावाचा कुत्रा मेला आणि ॲलर्जीचं कोडं उलगडू लागलं!

वर्षानुवर्षं चिकन खाणाऱ्या कुत्र्याला एकाएकी चिकनचीच ॲलर्जी कशी होते? याची खूण शार्ल रिशे यांना सापडली.

१८५० साली पॅरिसमध्ये जन्मलेले रिशे १८८७ मध्ये तिथेच शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बर्ट यांच्या जहाजावर त्यांनी पॉल पोर्तिए यांच्यासोबत विषारी समुद्री जीवांचा अभ्यास केला. परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष टोचलं. लसीसारखं संरक्षण मिळेल, अशी अपेक्षा होती. झालं उलटंच! नेपच्यून हा धडधाकट कुत्रा पहिल्या डोसमधून वाचला. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला अगदी थोडं विष पुन्हा दिलं आणि अर्ध्या तासातच तो मेला.

म्हणजे पहिल्या ओळखीनेच शरीर बिथरलं होतं. रिशे यांनी याला ॲनाफिलॅक्सिस म्हटलं. पुढे अन्नातूनही असं होतं का, हे त्यांनी कुत्र्यांवरच तपासलं. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९३५ मध्ये त्यांचं निधन झालं.

कुत्र्यांची अन्नाची ॲलर्जी सहसा इतकी जीवघेणी नसते. खाज, कानदुखी, जुलाब ही तिची लक्षणं. पण तीही ओळखीच्या अन्नाचीच होते. म्हणून पशुवैद्य साधारण ८ आठवडे कुत्र्याने कधीच न खाल्लेलं मांस द्यायला सांगतात, मग जुनं अन्न पुन्हा सुरू करतात. खाज थांबून परत आली, की निदान पक्कं. रक्ततपासणीवर मात्र विसंबू नका!