विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई फुटबॉलपटू नेव्हिल डिसूझा कोण होता?

बुलढाणा, खामगाव किंवा मलकापूरच्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला घरी हमखास एक प्रश्न विचारला जातो. खेळून पोट भरणार आहे का? सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रश्न भारताच्या सर्वोत्तम आघाडीपटूंपुढेही होता. नेव्हिल डिसूझा त्यांच्यापैकी एक. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने इतिहास घडवला, तरी फुटबॉल हा त्याचा अधिकृत पेशा कधीच नव्हता.

गोव्याचा मुलगा मुंबईकडून कसा खेळला?

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. रोजगारासाठी असंख्य गोवेकर कुटुंबे मुंबईची वाट धरत. मुंबईच्या हॉकी आणि फुटबॉल मैदानांवर गोवेकर खेळाडूंचा दबदबा होता तो यामुळेच. नेव्हिलही मुंबईतच नावारूपाला आला. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात तो होता.

तेव्हा खेळाडूंचे पोट कशावर चाले?

त्या काळी भारतात व्यावसायिक लीग नव्हती. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग यांसारखे मोठे क्लब होते, तर मुंबईत कंपन्यांचे संघ. चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी देई आणि तो कंपनीच्या संघाकडून खेळे. पगार मिळायचा तो नोकरीचा, खेळाचा नव्हे. नेव्हिलची कारकीर्दही याच चाकोरीतली. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि तेल कंपनी कॅलटेक्सच्या संघाकडून खेळला. १९५८ मध्ये कॅलटेक्सने कूपरेजवरचा मानाचा रोव्हर्स करंडक जिंकला.

या व्यवस्थेला आणखी एक कारण होते. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. खेळासाठी उघड मानधन घेणाऱ्याला ते दार बंद असे. त्यामुळे देशासाठी ऑलिम्पिक खेळायचे तर कागदोपत्री नोकरदार राहणे सोयीचे ठरे.

मेलबर्नमध्ये नेमके काय घडले?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि युगोस्लाव्हियाने त्यांचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. चार वर्षांनी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी बूट घालून खेळणारा, शिस्तबद्ध संघ मेलबर्नला नेला. कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण सोव्हिएत फौजा हंगेरीत घुसल्यानंतरच्या उलथापालथीत हंगेरीने फुटबॉलमधून माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. चोवीस वर्षांच्या नेव्हिलने या लढतीत तीन गोल केले. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली, पण पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसऱ्यांदा आघाडी मिळवून दिली. चौथा गोल किट्टूने केला. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई ठरला.

पदक का हुकले?

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिलने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. हेलसिंकीचा हिशेब चुकता होणार, अशी आशा काही क्षण निर्माण झाली. मात्र पुढच्या काही मिनिटांतच सामना फिरला आणि भारत १-४ ने हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने मात केली. भारत चौथा राहिला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांचेही तितकेच गोल होते.

पुढे काय झाले?

आज अशी कामगिरी करणाऱ्याला परदेशी क्लबांकडून बोलावणे येईल, जाहिराती मिळतील. नेव्हिल मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमध्येच राहिला. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. नेव्हिलचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. १६ मार्च १९८० रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

विस्मरणाची कारणे काय?

कोलकात्याच्या क्लबांमागे लाखो चाहते होते आणि आपल्या नायकांच्या आठवणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. कंपनीच्या संघाला असा चाहतावर्ग नसतो. कंपनीचे धोरण बदलले की संघही संपतो. कॅलटेक्सचा भारतातील कारभार १९७० च्या दशकात सरकारकडे गेला आणि हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स करंडकही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. ज्यांनी नेव्हिलची आठवण ठेवायची, त्या संस्थाच उरल्या नाहीत. २०२४ मध्ये रहीम यांच्यावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला या संघाची थोडीफार ओळख झाली.

आज चित्र बदलले आहे का?

भारतात राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, तर इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये. करार, मानधन, प्रशिक्षण केंद्रे आली. खेळाडूला आता खेळाडू म्हणून पगार घेता येतो. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्या करारापर्यंतची वाट अरुंदच आहे. नेव्हिलच्या काळी कंपनीची नोकरी हा निदान आधार तरी होता. म्हणूनच घरात विचारला जाणारा तो प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचे उत्तर एकट्या मुलाने द्यायचे नसते. ते खेळाच्या व्यवस्थेनेही द्यायचे असते.